भारतातील संगणक-सुरक्षा शिक्षणाचे धोरण : एक ऐतिहासिक आढावा

संगणकाची सुरक्षा हा यंत्रांइतकाच प्रशिक्षित माणसांचाही प्रश्न आहे, ही जाणीव सरकारी धोरणांत टप्प्याटप्प्याने आली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे आपत्कालीन मदत पथक स्थापन झाले. भारतात या विषयाला धोरणात्मक रूप येण्यास आणखी एक तप जावे लागले.

आपल्याकडे आरंभ कायद्याने झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. संगणकीय गुन्ह्यांना शिक्षेची तरतूदही त्यात होती. जानेवारी २००४ मध्ये 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था कार्यरत झाली. कायदा व संस्था उभ्या राहिल्या, तरी त्या चालविण्यासाठी लागणारे मनुष्यबळ कोठून येणार, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे पहिले उत्तर म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेला माहिती सुरक्षा शिक्षण व जनजागृती प्रकल्प. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व आयआयटी यांसारख्या संस्थांनी सहभागी महाविद्यालयांच्या अध्यापकांना तयार करावे आणि त्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी ती कल्पना होती. जनजागृतीचे काम हैदराबादच्या सी-डॅककडे आले. मात्र औपचारिक शिक्षणाचा भर अभियांत्रिकी व उच्च तंत्रशिक्षणावर राहिला. कला, वाणिज्य व विज्ञानाची सर्वसाधारण पदवी महाविद्यालये बहुतांशी या वर्तुळाबाहेर होती.

२ जुलै २०१३ रोजी राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झाले. पाच वर्षांत पाच लाख कुशल व्यावसायिक तयार करणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते. आकडा मोठा व स्पष्ट होता. परंतु कोणत्या कामासाठी किती माणसे आणि ती कोणत्या स्तरावरील शिक्षणातून यावीत, याची विभागणी धोरणाच्या मजकुरात नव्हती.

येथे अमेरिकेचा अनुभव उपयुक्त ठरतो. तेथेही १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेली उत्कृष्टता केंद्रांची मान्यता प्रथम चार वर्षांच्या पदवीच्या विद्यापीठांनाच मिळत होती. दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांसाठी वेगळा वर्ग २०१० मध्ये झाला. २०१७ च्या 'नाइस' आराखड्याने या क्षेत्रातील कामांची ५२ भूमिकांत विभागणी केली व प्रत्येकीस लागणारे ज्ञान व कौशल्ये नोंदवली. त्यामुळे सर्व कामांना उच्च पदवी लागत नाही, हे स्पष्ट झाले. जाळ्याची देखभाल, नोंदींची तपासणी, वापरकर्त्यांना मदत अशी कामे लहान महाविद्यालयांतून घडलेले विद्यार्थीही करू शकतात.

भारतात हे दार उशिरा उघडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रम जाहीर केले. सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांचा विचार त्यांत केला आहे. बँकेत, पतसंस्थेत वा दुकानाच्या हिशेबावर बसणाऱ्या वाणिज्य पदवीधराला त्याची गरज अभियंत्याइतकीच आहे.

या दोन दशकांच्या वाटचालीतून एक गोष्ट दिसते. कायदा एका दिवसात अमलात येतो, उद्दिष्ट एका वाक्यात लिहिता येते. पण शिक्षक घडण्यास वर्षे लागतात. २००५ च्या प्रकल्पाने अध्यापक-प्रशिक्षणाला दिलेले स्थान म्हणूनच महत्त्वाचे होते. नवा अभ्यासक्रम सामान्य महाविद्यालयांत खऱ्या अर्थाने रुजवायचा असेल, तर अध्यापकांच्या प्रशिक्षणाची तीच सोय आता या महाविद्यालयांपर्यंत न्यावी लागेल. तसे झाले नाही, तर विषय वेळापत्रकात राहील आणि विद्यार्थी मात्र पुन्हा त्या संधीबाहेर राहतील.