सुरक्षा वस्तरा

दाढी करताना पात्याची धार त्वचेत खोल जाऊ नये म्हणून धारेलगत अटक बसविलेले साधन. व्यवहारात यास सेफ्टी रेझर किंवा नुसते रेझर म्हणतात. साध्या वस्तऱ्यात पाते कोणत्या कोनात टेकवावयाचे व त्यावर किती दाब द्यावयाचा हे हात ठरवितो. सुरक्षा वस्तऱ्यात या कसबाचा बराच भाग साधनाच्या घडणीत आधीच घातलेला असतो. त्यामुळे स्वस्त सुरक्षा वस्तऱ्याची प्रत ठरविताना त्याची चकाकी किंवा वजन गौण ठरते. त्याच्या घडणीत हे कसब कितपत उतरले आहे, ही मुख्य कसोटी होय.

पूर्वपीठिका : भारतात क्षौरकर्म हा प्राचीन व्यवसाय आहे. वेदवाङ्मयात ‘क्षुर’ हा शब्द आढळतो. ‘वस्तरा’ हा शब्द फार्सी ‘उस्तरा’ या शब्दावरून आला. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत न्हावी हा बलुतेदारांपैकी एक होता. वस्तरा, कात्री, नराणी, आरसा व धार लावण्याचा दगड ही त्याची हत्यारे धोकटीत असत. पूर्व विदर्भात न्हाव्यास ‘म्हाली’ म्हणतात. सध्याचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. ब्रिटिश अमदानीत हा सर्व मुलूख मध्य प्रांतात मोडत असे. या प्रांतातील जातीजमातींविषयी आर. व्ही. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाई, म्हाली व हज्जाम यांची नोंद एकत्रच केलेली आहे. भातशेतीच्या या भागात गावच्या कारागिराचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. सुगीला एकदा दिलेल्या धान्यात कुटुंबातील पुरुषांची वर्षभराची हजामत होत असे.

ही व्यवस्था सर्वांसाठी सारखी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मपर टिपणांत साताऱ्यातील बालपणाची हकीकत दिली आहे. गावात न्हावी असूनही अस्पृश्यांची हजामत करण्यास कोणी तयार नसे, म्हणून त्यांचे व त्यांच्या भावांचे केस थोरली बहीण कापीत असे. वस्तरा कोणाच्या हाती आहे, यावर माणसाची प्रतिष्ठा अवलंबून असल्याचे हे उदाहरण आहे. याच वस्तऱ्याने विधवांचे सक्तीने केशवपन होत असे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी या कामास नकार देण्याचा निर्धार केला. अस्पृश्यता १९५० मध्ये संविधानाने नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरले. तथापि कायद्याने मिळालेला हक्क गावात बजावणे अनेकांस कठीण गेले. अशा स्थितीत स्वतःची दाढी स्वतः करता येईल असे अल्प किमतीचे साधन केवळ सोयीचे राहत नाही. ते परावलंबनातून काही अंशी सुटण्याचा मार्गही ठरते.

शोध : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील झां-झाक पेरे या कारागिराने वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण घालून धारेचा थोडाच भाग उघडा ठेवण्याची युक्ती सुचविली. विल्यम हेन्सन याने १८४७ मध्ये पाते दांड्याला कुदळीप्रमाणे आडवे बसविले. काम्फे बंधूंनी १८८० मध्ये अमेरिकेत संरक्षक अटक असलेल्या वस्तऱ्याचे एकस्व मिळविले. मात्र या साधनांचे पाते जाड असल्याने त्यास पुनःपुन्हा धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट (१८५५–१९३२) याला १८९५ च्या सुमारास टाकाऊ पातळ पात्याची कल्पना सुचली. पातळ पोलादाला योग्य कठिनता आणण्याची अडचण विल्यम निकरसन या अभियंत्याने दूर केली. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ मध्ये तिचे अवघे ५१ वस्तरे खपले. १९०४ मध्ये हा आकडा ९०,८८४ वर गेला व त्याच वर्षी एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी शासनाने सैनिकांसाठी सु. ३५ लाख वस्तरे घेतले. परतलेल्या सैनिकांबरोबर रोज स्वहस्ते दाढी करण्याची सवय घरोघर पोहोचली.

भारतात सुरुवातीस ही साधने आयात होत. स्वातंत्र्योत्तर काळात पात्यांचे देशी उत्पादन वाढले. मल्होत्रा कुटुंबाच्या उद्योगांची टोपाझ व सुपरमॅक्स ही पाती सर्वपरिचित झाली; यांपैकी सुपरमॅक्सचे उत्पादन ठाणे येथे विद्युत मेटॅलिक्स या कंपनीत होत असे. वस्तरा एकदाच घ्यावयाचा व पाती वरचेवर घ्यावयाची, असे या व्यवहाराचे स्वरूप असल्याने कमी किमतीच्या वस्तऱ्याचा खरा खर्च पात्यांच्या हिशेबानेच काढावा लागतो.

घडण व परीक्षा : दुधारी पात्याच्या वस्तऱ्याचे टोपण, बैठक व दांडा असे तीन भाग असतात. पाते सु. ०.१ मिमी. जाड असून टोपण व बैठक यांच्यामध्ये आवळले असता ते किंचित वाकते. या बाकामुळे त्यास ताठपणा येतो. बैठकीच्या कडेस सरळ पट्टी किंवा कंगव्यासारखे दाते असतात. ते त्वचा ताणून धरतात व धारेस खोल जाऊ देत नाहीत.

स्वस्त वस्तरा पारखताना पुढील बाबी पाहतात. पाते बसविल्यावर दोन्ही बाजूंस धार सारखीच बाहेर आली पाहिजे. एकीकडे अधिक आल्यास ती बाजू कापते व दुसरी केस सोडते. पाते धारेच्या जवळ घट्ट दाबलेले असावे. आधार दूर असेल, तर केसाला भिडताच पाते थरथरते आणि केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो. धार व अटक यांतील फट सबंध लांबीभर सारखी असावी. फट मोठी असल्यास दाढी लवकर होते; पण नवशिक्याच्या हाताला ती मानवत नाही. दांड्याचे आटे सैल असल्यास पाते प्रत्येक वेळी वेगळे बसते. दांडा साबणाच्या ओल्या हातातून निसटू नये इतका खरबरीत असावा. स्वस्त वस्तरे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असून त्यांवर क्रोमियमचा मुलामा असतो. मुलामा उडाल्यास आतील धातू गंजून खड्डे पडतात. म्हणून आटे व कडा यांवरील मुलामा आधी तपासावा. पितळेचा वस्तरा अधिक टिकतो, परंतु महाग पडतो.

दाढीचे सुख केवळ वस्तऱ्यावर अवलंबून नसते. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरल्यावर तो पुष्कळ मऊ होतो. दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस कमी येतो. त्यामुळे पाण्याचा दोष कित्येकदा वस्तऱ्याच्या माथी मारला जातो. पूर्वीची साध्या पोलादाची पाती पावसाळ्याच्या दमट हवेत लवकर गंजत. १९६० नंतरच्या दशकात अगंज पोलादाची व धारेवर बहुवारिकाचा अतिशय पातळ लेप दिलेली पाती आली आणि ती अडचण बरीच कमी झाली. पात्याशी त्वचेचा सु. ३०° कोन ठेवून, दाब न देता, केसांच्या दिशेने पहिला हात फिरविणे इष्ट असते. दोन वस्तऱ्यांची तुलना करावयाची, तर एकाच जातीचे नवे पाते दोहोंत घालून काही दिवस वापरावे. अन्यथा पात्याचा गुण वस्तऱ्याचा समजला जातो.

स्वस्त वस्तऱ्याच्या रचनेत ग्राहकाच्या परिस्थितीचा विचार किती आवश्यक असतो, हे जिलेटच्या भारतातील अनुभवावरून दिसते. २००२ च्या सुमारास भारतासाठी काढलेल्या एका वस्तऱ्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेण्यात आली. तेथे वाहते पाणी होते. भारतात मात्र पुष्कळ लोक जमिनीवर बसून, हातातील आरशात पाहून, पेलाभर पाण्यात दाढी करीत. त्या पाण्यात पात्यांत अडकलेले केस निघेनात. नंतर घरोघर पाहणी करून २०१० मध्ये गार्ड हा एकाच पात्याचा वस्तरा काढण्यात आला. त्याची किंमत १५ रुपये व पात्याच्या बदली जोडाची ५ रुपये होती. त्यातील भागांची संख्या सु. ८० टक्क्यांनी कमी केलेली होती, अटक दातेरी होती आणि थोड्या पाण्यात तो स्वच्छ होत असे. पात्यांची संख्या वाढविणे म्हणजे सुधारणा, या समजुतीला हा अपवाद ठरला.

परिणाम : सुरक्षा वस्तऱ्याने न्हाव्याचा धंदा बुडाला नाही; मात्र त्याचे स्वरूप बदलले. बलुत्याच्या जागी रोख मजुरी आली, व्यवसाय दुकानात गेला आणि दाढीपेक्षा केशकर्तनाला महत्त्व आले. एकाच वस्तऱ्यातून काविळीसारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात याची जाणीव १९८० नंतर एड्‌सच्या भीतीने वाढली. तेव्हापासून दुकानांतही अर्धे पाते बसविण्याचे वस्तरे रूढ होऊन प्रत्येक ग्राहकास नवे पाते वापरण्याची प्रथा पडत गेली. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील केशकर्तनालये बंद झाली. २८ जूनपासून ती उघडली, तेव्हाही आरंभी केस कापण्यास मुभा होती. त्वचेशी संबंध येणाऱ्या सेवांना नव्हती. घरी वस्तरा असलेल्यांची गैरसोय टळली, परंतु दाढीच्या उत्पन्नावर जगणाऱ्यांचा रोजगार तितका काळ थांबला.

पिढ्यान् पिढ्या एका जातीकडे असलेले कसब या साधनाने काही रुपयांत सर्वांच्या हाती दिले. ज्यांना ती सेवा नाकारली जात होती, त्यांच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता. ज्यांचे ते पोट होते, त्यांना मात्र नवे कसब शोधावे लागले. सुरक्षा वस्तऱ्याच्या इतिहासात या दोन्ही बाजूंची नोंद घेणे आवश्यक ठरते.