रुपेरी सांगाड्याची साक्ष

इ. स. १८८४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनियमचे टोक बसविण्यात आले, तेव्हा हा धातू चांदीच्या तोलाचा मानला जाई. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो मिळविण्याची रीत शोधली आणि तो सामान्य कारागिराच्या हाती आला. १८९० च्या दशकात सेंट लुईस येथील शीतकपाटे व लाकडी पन्हळी बनविणाऱ्या एका कंपनीने 'लु-मि-नम' ही ओतीव ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची सायकल विक्रीस आणली.

अशी एखादी मोडकी सायकल अडगळीत सापडली, तर ती ओळखावी कशी? प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. मग सांधे न्याहाळावेत. सांगाडा अखंड ओतलेला असेल, तर तो बहुधा त्या आरंभकाळचा. नळ्या अष्टकोनी असून सांधे बोल्टने आवळलेले असतील, तर १९३० च्या दशकातील फ्रेंच 'कामिनार्जां'चा विचार करावा. जर्मनीतील व्हिल्म यांनी १९०६ साली तांबेमिश्रित ॲल्युमिनियम कठीण होते हे शोधल्यानंतरच अशा नळ्या शक्य झाल्या. बिल्ला हरवला असला, तरी त्याच्या रिव्हेटांच्या छिद्रांमधील अंतर निर्मात्याचा माग देते.

ओळख पटली, की खरी कसोटी सुरू होते. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले, की ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी धरते. आसनाची दांडी त्यामुळेच जाम होते. कॉस्टिक सोडा तर धातूच खाऊन टाकतो. त्याला हातही लावू नये. तुटलेल्या जागी वेल्डिंग केल्यास उष्णतेने कठीण केलेल्या धातूचे बळ जाते. हा धातू वारंवारच्या ताणाने थकतो व बारीक चीर वाढत जाऊन अखेरीस तुटतो. ती भेग म्हणजे त्या काळच्या कारागिरीच्या मर्यादेची लेखी साक्षच होय.

म्हणून आम्ही वाचकांना सुचवितो: आधी छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत, सुटे तुकडे चिठ्ठी लावून जपावेत, धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, मेणाचा पातळ लेप द्यावा आणि कोरड्या जागी ठेवावे. जे पुन्हा उलटविता येणार नाही, ते करूच नये. चकचकीत केलेली सायकल डोळ्यांना सुखविते. मोडकी, पण अस्सल राहिलेली सायकल इतिहास सांगते. एकदा पुसलेली साक्ष पुन्हा लिहिता येत नाही.