हेनव्हिल : पँथरचं मूळ गाव

पँथर म्हटलं की आपल्या पोरांच्या तोंडी दोनच शहरं येतात. मुंबई नि ओकलंड. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. ती ब्लॅक पँथर पार्टी ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 1966 च्या ऑक्टोबरात ओकलंडला काढली. इथवर सगळ्यांना पाठ. पण ओकलंडवाल्यांनीसुद्धा ते जनावर उसनंच आणलं होतं. कुठनं? तर अलाबामा राज्यातल्या एका खेड्यातनं, जिथली वस्ती आजही हजाराच्या आत आहे. हेनव्हिल त्याचं नाव. मधोमध चौक, चौकात 1856 साली बांधलेलं पांढरं कोर्ट. लाउंडेस तालुक्याचं हे ठाणं. (तिकडं त्याला काउंटी म्हणतात, मी तालुकाच म्हणतो, आपल्याला समजायला बरं.)

या गावाची मूळ भानगड मातीत आहे. अलाबामाच्या मधनं काळ्या चिकणमातीचा एक पट्टा जातो, त्याला ब्लॅक बेल्टच म्हणतात. आपल्या विदर्भ-खानदेशातल्या काळीसारखी कापसाची माती. आधी ही भुई क्रीक नावाच्या आदिवासींची. 1814 च्या तहात ती त्यांच्याकडनं काढून घेतली. मग साउथ कॅरोलिनाकडनं जमीनदार आले, सोबत गुलाम आणले. 1830 साली तालुका झाला. गावाला पहिल्यांदा म्हणत ‘मोठी दलदल’. साधं, खरं नाव. ते पुसून साउथ कॅरोलिनाच्या हेन नावाच्या पुढाऱ्याचं नाव दिलं, आणि तालुक्याला तिथल्याच लाउंडेसचं. म्हणजे मालकांनी माणसं आणली तशी नावंही आणली. घाम गाळणाऱ्याच्या नावाचं गाव कुठं असतं, सांगा.

मी सूतगिरणीत आहे. रुईच्या गासड्या फोडण्याचं काम केलंय, त्यामुळं कापूस म्हटला की माझ्या नाकात तंतू जातो. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालली तेव्हा या पट्ट्यातला कापूस लँकेशायरला जाईना. मग इंग्रजांनी आपला कापूस उचलला, मुंबईचे शेठ गब्बर झाले, आणि लढाई संपताच भाव कोसळून कित्येकांचं दिवाळं निघालं. तिकडं गुलामी मोडली म्हणून इकडं बाजार हलला. पण हेनव्हिलच्या गुलामाला काय मिळालं? मोकळीक मिळाली, जमीन नाही. तो त्याच मालकाच्या रानात वाट्यानं कापूस पिकवू लागला. बी मालकाचं, उधारीचं दुकान मालकाचं, हिशेबाची वही मालकाची. आपल्याकडच्या सालगड्याला हे वेगळं सांगायला नको.

मताचा हक्क कागदावर आला नि गेला. अलाबामानं 1901 साली नवी घटना केली, तीत मतावर कर, वाचण्याची परीक्षा, मालमत्तेची अट, असली कुंपणं घातली. 1965 च्या सुरुवातीला लाउंडेसमध्ये शंभरात ऐंशी माणसं काळी, आणि मतदार यादीत काळं माणूस एकही नाही. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्याही वर, 118! मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही मत देत होते म्हणा ना. 86 गोऱ्या घराण्यांकडं नव्वद टक्के जमीन, असं त्या वेळच्या कार्यकर्त्यांनी मांडलंय. या मुलखाला लोक रक्ताळलेलं लाउंडेस म्हणत.

1 मार्च 1965 ला जॉन ह्यूलेट आणि त्याच्याबरोबरची माणसं, एकूण 39 जण, हेनव्हिलच्या कोर्टात नाव नोंदवायला गेली. हा ह्यूलेट इथलाच, पण बर्मिंगहॅमला कामगार म्हणून राबून, युनियन बघून गावी परतलेला. त्या दिवशी कुणाचं नाव लागलं नाही. पंधरा दिवसांनी दोघांचं लागलं. त्याच महिन्यात सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला, तो याच तालुक्यातनं गेला. इथं रस्ता अरुंद होतो म्हणून कोर्टानं फक्त तीनशे जणांना चालायची परवानगी दिलेली. मोर्चा संपला त्या रात्री, 25 मार्चला, मोर्चेकऱ्यांना गाडीतनं पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईला क्लॅनवाल्यांनी लाउंडेसच्या रस्त्यावर गोळी घातली.

मोर्चा गेला, कॅमेरे गेले. स्निक या विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकल वगैरे पोरं मात्र मागं राहिली. माझ्या मते खरी चळवळ इथून सुरू होते. पुढारी भाषण करून गाडीत बसतो, त्यानंतर त्या वस्तीत कोण झोपतं, हे बघायचं असतं.

ऑगस्टात मतदान हक्काचा कायदा झाला. आठवड्याभरात फोर्ट डिपॉझिटला निदर्शनं करणाऱ्यांना धरून हेनव्हिलच्या तुरुंगात टाकलं. 20 ऑगस्टला अचानक सोडून दिलं. त्यातली चौघं थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाशी गेली. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा. त्यानं रुबी सेल्स या सतरा वर्षांच्या काळ्या पोरीवर नेम धरला. जोनाथन डॅनियल्स, 26 वर्षांचा, पाद्री व्हायला शिकणारा गोरा पोरगा, त्यानं तिला ढकललं आणि गोळी स्वतः घेतली. जागीच गेला. पळणाऱ्या मॉरिसरो या पाद्र्याच्याही पाठीत गोळी घातली, तो कसाबसा जगला. खटला त्याच पांढऱ्या कोर्टात. बारा पंच, बाराही गोरे पुरुष. कोलमन सुटला. लिउझोबाईच्या खुनातला आरोपीही त्याच कोर्टात सुटला. पुढं फेब्रुवारी 1966 मध्ये वरच्या न्यायाधीशांनी ठरवलं की लाउंडेसच्या पंचांतून काळ्यांना आणि बायांना वगळता येणार नाही. तोवर दोन मढी पडली होती.

नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी वाटेकऱ्यांना झोपड्यांतनं काढलं. आपल्याकडं त्याला बहिष्कार म्हणतात. तिथल्या लोकांनी हाय वे 80 च्या कडेला जमीन विकत घेतली, तंबू ठोकले. डिसेंबरची थंडी, रात्री रस्त्यावरून गोळ्या यायच्या. तरी काही कुटुंबं तिथं दोन-अडीच वर्षं राहिली. सात पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्यांच्या पायाखाली प्रथमच स्वतःच्या संघटनेची भुई होती, ती ते सोडतील?

आता पँथर. अलाबामात अडाणी मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आपल्याला माहीत आहेच. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि वर सरळ लिहिलेलं, गोऱ्यांचं वर्चस्व! 1966 साली ते शब्द काढले, कोंबडा तसाच. ह्यूलेटच्या माणसांचं म्हणणं, या कोंबड्याच्या खुराड्यात आम्ही शिरणार नाही. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, लाउंडेस काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. चिन्हासाठी स्निकच्या रूथ हॉवर्डनं आधी कबुतर सुचवलं. कबुतर! ते कुणाला पटेना. मग अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं चिन्ह होतं ते काळं पँथर घेतलं.

मला चिन्हापेक्षा त्यांच्या पुस्तिका जास्त आवडतात. चित्रं काढून, साध्या शब्दांत समजावलेलं: शेरीफ काय करतो, कर आकारणारा काय करतो, शाळेच्या मंडळाचं काम काय. ज्याला कोर्टाच्या पायरीवर उभं करत नव्हते त्याला शिकवलं की ही खुर्ची तुझी, हिचं काम हे. आपल्या शिबिरांत घोषणा शिकवतात, तहसीलदाराचे अधिकार कोण शिकवतं?

3 मे 1966 ला चर्चमध्ये मेळावा भरला, नऊशेच्या आसपास माणसांनी उमेदवार निवडले. नोव्हेंबरात सातही उमेदवार पडले. मालकांनी आपल्या रानातली माणसं ट्रकात भरून आणली आणि कोंबड्यावर शिक्का मारवून घेतला. पण मान्यताप्राप्त पक्ष व्हायला लागतात तेवढी मतं पडली. 1970 साली ह्यूलेट शेरीफ झाला आणि 22 वर्षं राहिला. पुढं तो डेमोक्रॅटिक पक्षातच गेला, जुन्या गोऱ्या पुढाऱ्यांशी जुळवून घेऊ लागला. कोर्ट हाती आलं, पण जमीन मोठ्या मालकांकडंच राहिली. हे मी त्याला शिव्या द्यायला लिहीत नाही. कापूसही गेला होता तोवर, रानात गवत नि लाकडाची झाडं, आणि गवताला मजूर लागत नाहीत.

तंबूंच्या जागेवर 2006 साली सरकारनं संग्रहालय उघडलं. ह्यूलेट त्याच वर्षी वारला. संग्रहालयात तंबू बघायला मिळतो. तालुक्यातल्या घरांमागं काय आहे ते मात्र बाहेर पडून बघावं लागतं. ती काळी चिकणमाती पाणी पीत नाही. साधा शोषखड्डा तुंबतो, भारी टाकी गरिबाला परवडत नाही, म्हणून कित्येक घरांचा मैला पाइपनं अंगणामागं उघड्यावर पडतो. 2017 च्या एका तपासणीत 55 जणांपैकी 19 जणांत अंकुशकृमीच्या खुणा सापडल्या, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. वर त्याच घरांना दंडाच्या, अटकेच्या धमक्या. तिथलीच लेक कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स वर्षानुवर्षं ओरडत राहिली. 2021 मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं नागरी हक्क कायद्याखाली चौकशी लावली, 2023 च्या मे महिन्यात राज्याशी करार झाला की दंड थांबवायचे, टाक्या द्यायच्या. एप्रिल 2025 मध्ये नव्या सरकारनं तो करार मोडला. आधी मंजूर झालेला पैसा असेपर्यंत टाक्या बसवू, असं राज्याच्या आरोग्य खात्यानं सांगितलं.