वीस फुटांच्या तुळईचा वंश

13 डिसेंबर 1920 च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याची रुंदी प्रथमच मोजली गेली. 100 इंची दुर्बिणीच्या तोंडावर 20 फुटांची पोलादी तुळई आडवी बसवली होती. तिच्या टोकांकडचे दोन आरसे ताऱ्याचा प्रकाश झेलत आणि मधल्या दोन आरशांकरवी आत सोडत. दोन्हीकडचा प्रकाश जुळला, की ताऱ्याच्या ठिपक्यावर बारीक पट्टे उमटतात. आरसे दूर सरकवत गेले, की ताऱ्याच्या रुंदीवरून ठरणाऱ्या एका अंतरावर पट्टे पुसले जातात. मृगातल्या काक्षीचे पट्टे सुमारे 10 फुटांवर गेले. दोष यंत्राचा तर नाही ना, हे तपासायला निरीक्षक फ्रान्सिस पीजने दुसरे तारे पाहिले. त्यांचे पट्टे शाबूत होते! हिशेब निघाला 0.047 विकला, म्हणजे पुण्यातून पाहिलेले मुंबईतले दहा रुपयांचे नाणे.

यंत्र भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसनचे, पण मूळ कल्पना फ्रान्सच्या फिझोची, 1868 ची. पीजने पुढे 50 फुटी तुळई केली. ती काही धड चालली नाही. एवढे पोलाद किंचित लवतेच, आणि प्रकाशलहरींच्या हिशेबात तेवढेही फार. मधल्या काळात निलगिरीत जन्मलेल्या हॅनबरी ब्राउनने लहरी जुळवण्याऐवजी प्रकाशाची लुकलुक ताडून ऑस्ट्रेलियातून 32 तारे मोजले. पण ही युक्ती तेजस्वी, तप्त ताऱ्यांपुरतीच. मी तिला चुलत घराणे म्हणेन. तुळई टाकून दिली ती फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाबेरीने. 1974 मध्ये नीसला त्याने 12 मीटर अंतरावरच्या दोन सुट्या दुर्बिणींतून अभिजिताचे पट्टे मिळवले.

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 तबकड्यांचे रेडिओसंदेश नोंदवून मग जुळवता येतात. लाबेरीच्या या सुट्या दुर्बिणींच्या पद्धतीत मात्र खुद्द प्रकाशच एका जागी आणावा लागतो, तोही एकाच क्षणी. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या ‘चारा’ वेधशाळेत 6 दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा आरसा 1 मीटरचा, सर्वांत लांबची जोडी सुमारे 330 मीटरची. प्रकाश निर्वात नळ्यांतून येतो. जो आधी पोचतो त्याला वळसा घालायला लावतात: रुळांवरच्या गाडीत आरसे असतात, गाडी मागे गेली की वाट लांबते. तारा आकाशात सरकत असतो, म्हणून गाडीलाही रात्रभर उसंत नाही. 2007 मध्ये याच दुर्बिणींनी श्रवण ताऱ्याचे चित्र काढले. तो गोल नव्हताच. भरधाव गिरकीने कमरेशी फुगलेला निघाला.

‘चारा’ही माउंट विल्सनवरच आहे, त्या 100 इंची दुर्बिणीच्या शेजारी.