सांगोल्याचा लाल बावटा

सोलापूरहून मंगळवेढा ओलांडून पुढे निघालो की ज्वारीची काळी जमीन मागे पडते आणि सांगोल्याचे माळरान सुरू होते. या दुष्काळी तालुक्याने एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवले. ते म्हणजे गणपतराव देशमुख. विशेष असे, की त्यांचा पक्ष राज्यात स्वबळावर कधीच सत्तेवर आला नाही.

हा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे आपल्या बोलण्यातला शेकाप. १९४७ साली काँग्रेसमधल्याच नाराज मंडळींनी त्याचा पाया घातला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्याबरोबर आपल्या सोलापूरचे तुळशीदास जाधवही त्यात होते. पुढे हे तिघेही काँग्रेसमध्ये परतले. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पक्षाला पुन्हा उभारी दिली. पण राज्य झाले आणि लाट ओसरली. यशवंतराव चव्हाणांनी खेड्यातले नेतृत्व काँग्रेसमध्ये सामावून घेतले. जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गावातल्या कर्त्या माणसाला काही करून दाखवायचे, तर सत्तेची वाट सोयीची होती. अशा वेळी, १९६२ साली, गणपतराव लाल बावट्यावर निवडून आले.

शेतकरी आणि कामगारांचा पक्ष ही कल्पना काही केवळ आपल्याकडची नव्हे. कॅनडात १९३२ साली अशीच मंडळी एकत्र आली आणि 'को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन' हा पक्ष निघाला. देशाची सत्ता त्याला मिळाली नाही. पण १९४४ साली सस्काचेवान या गहू पिकवणाऱ्या प्रांतात टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली त्याचे सरकार आले आणि वीस वर्षे टिकले. १९६२च्या जुलैत तिथे सरकारी खर्चाने वैद्यकीय उपचाराची योजना सुरू झाली. डॉक्टरांनी संप केला, तरी योजना टिकली आणि पुढे देशभर गेली. एका प्रांतातल्या सत्तेचे हे फळ.

मग सत्तेबाहेरच्या आमदाराने काय करायचे? सांगोल्याने याचे उत्तर आपल्या परीने दिले. १९७२ला गणपतराव हरले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९७८ आणि १९९९ साली आघाडी सरकारांत ते मंत्री झाले. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. सभागृहात पाण्याचा प्रश्न लावून धरायचा आणि तालुक्यात सहकारी सूतगिरणीसारखी संस्था नीट चालवायची, ही त्यांची रीत. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख राज्यभर झाली.

मतदारांनी मात्र त्यांना कधी गृहीत धरू दिले नाही. १९९५ला अवघ्या १९२ मतांनी त्यांचा पराभव झाला. १९९९ला त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले. २०१९ला ते स्वतः थांबले आणि नातू अनिकेत ७६८ मतांनी हरले. २०२१ साली गणपतराव गेले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापचेच आमदार झाले.

बावटा तोच राहिला. पण सस्काचेवानात माणसे बदलली तरी पक्षाची योजना पुढे चालली. डग्लस प्रांत सोडून गेल्यावरच ती अमलात आली. आपल्याकडे पक्ष घराच्या आधाराने तगला. सांगोल्याच्या मतदाराने अर्धशतकाहून अधिक काळ निष्ठा दाखवली, ती पक्षाला की माणसाला, हा प्रश्न आपण प्रत्येकाने मत देताना स्वतःलाही विचारायला हरकत नाही.