जिमखान्यावरील तो रविवार

सन १९३३ च्या डिसेंबरची १७ तारीख रविवारीं आली होती. कचेऱ्या बंद होत्या, आणि म्हणूनच एरवीं खातेवह्यांत मान घालून बसणाऱ्या हजारों माणसांना त्या दिवशीं बोरीबंदराजवळच्या मैदानाकडे जातां आलें. हिंदुस्थानच्या भूमीवर खेळला गेलेला पहिला कसोटी सामना तेथें चालू होता व त्याचा तो तिसरा दिवस होता. हा सामना हिंदुस्थान हरला. इंग्लंडनें तो नऊ गडी राखून जिंकला, म्हणजे पराभवाला कसलाहि आडपडदा राहिला नाहीं. असें असूनहि मुंबईंत व तिच्या उपनगरांत हा सामना पुढें ज्या कौतुकानें सांगितला गेला, तसें कौतुक मागाहूनच्या कित्येक विजयांच्या वांट्याला आलेलें नाहीं. हरलेल्या सामन्याची आठवण एवढी गोड कां राहावी, याचा उलगडा केवळ धांवफलक पाहून होण्यासारखा नाहीं.

देवनारसारख्या गांवाहून त्या काळीं हें मैदान गांठणें म्हणजे काय होतें, हें आज तेथील उंच इमारतींत राहणाऱ्यांच्या सहज ध्यानांत यावयाचें नाहीं. देवनार तेव्हां मुंबई शहरांत मोडत नव्हतें. उपनगर जिल्ह्यांतील तें खाडीकांठचें एक खेडें होतें. मुंबईचा केरकचरा शहराबाहेर नेऊन टाकण्यासाठीं १९०६ सालीं कुर्ल्याहून चेंबूरकडे लोहमार्ग घालण्यांत आला आणि त्याच मार्गावर उतारूंची गाडी सुरू झाली ती १९२४ सालीं. कचऱ्याला आगगाडी आधीं मिळाली आणि माणसांना अठरा वर्षांनीं! तेथून कुर्ल्याला यावें, गाडी बदलावी आणि विजेच्या गाडीनें बोरीबंदर गांठावें. देशांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं याच बोरीबंदर-कुर्ला मार्गावर धांवली होती. पुढें थोडेंसें पायीं चाललें कीं एस्प्लनेडचें मैदान लागे. सामन्याचें धांवतें वर्णन नभोवाणीवर ऐकण्याची सोय त्या सालीं नव्हती. तल्यारखान यांचा आवाज क्रिकेटच्या मैदानावरून घरोघरीं पोंचूं लागला तो १९३४ पासून. त्यामुळें ज्याला सामना पाहावयाचा त्यानें जावें, आणि ज्याला जातां येत नाहीं त्यानें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी किंवा जाऊन आलेल्याला गांठावें, एवढेच मार्ग होते. जो पाहून आला तोच आळीची नभोवाणी! आठवणी पाठ होतात त्या अशा सांगण्यानेंच.

सामना 'आपल्या घरीं' झाला असें आपण सहज म्हणतों. परंतु तें घर कोणाचें होतें? १८७५ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचें सभासदत्व गोऱ्यांपुरतेंच होतें. ज्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्या मैदानाच्या धन्यांत हिंदी मनुष्य नव्हता; त्यानें खेळावें, पैसे देऊन मांडवांत बसावें आणि दिवस मावळतां घरीं जावें. हें दुखणें जुनें होतें. त्याच एस्प्लनेडवर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनीं हिरवळ उखणून काढावी आणि त्या खांचखळग्यांतून पारशी व हिंदु पोरांनीं क्रिकेट खेळावें, याविरुद्ध १८८१ च्या सुमारास पारशी खेळाडूंनीं सरकारकडे अर्जविनंत्या केल्या होत्या. पुढें समुद्रकांठीं पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांना जागा मिळाल्या. पण मोठा सामना म्हटला कीं तो बॉम्बे जिमखान्यावरच व्हावयाचा.

त्यांतहि योगायोग असा कीं, पाहुण्या संघाचा कर्णधार डग्लस जार्डिन हा जन्मानें मुंबईकर. २३ ऑक्टोबर १९०० रोजीं तो मलबार हिलवर जन्मला. त्याचे वडील येथील नामांकित बॅरिस्टर होते व पुढें मुंबई सरकारचे ॲडव्होकेट-जनरल झाले. नुकताच तो ऑस्ट्रेलियांत अंगावर येणाऱ्या गोलंदाजीचें तें कुप्रसिद्ध तंत्र वापरून, सामने जिंकून आणि जगभर बोल लावून घेऊन आला होता. यजमान संघाचा कर्णधार कर्नल सी. के. नायडू हा नागपूरचा, होळकरांच्या पदरीं असलेला. पाहुणा तो मुंबईंत जन्मलेला आणि यजमान तो या जिमखान्याच्या सभासदांच्या यादींत नांव घालूं न शकणारा, अशी ती गंमत होती. तिला गंमत म्हणावयाचें असेल तर.

लोक एवढे कां लोटले, याचेंहि एक कारण आहे. मुंबईचे चौरंगी सामने म्हणजे वर्षाचा सणच. पण कायदेभंगाच्या चळवळीमुळें १९३० पासून ते बंद पडले होते. १९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यास लॉर्ड्सवर गेला, तेव्हां पुढारी तुरुंगांत असतां विलायतेस खेळावयास जाणें योग्य नव्हे म्हणून मुंबईचे विजय मर्चंट व एल. पी. जय हे मागें राहिले होते. आपल्या गांवचे हे दोघे कसोटी खेळतांना दिसणार ते आतांच. चार वर्षांची ही भूक होती. शिवाय १९२६ सालची गोष्ट लोकांच्या डोळ्यांपुढें अजून ताजी होती. त्या वर्षीं १ डिसेंबरला याच मैदानावर नायडूनें गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धांवा काढल्या होत्या आणि त्यांत ११ षटकार होते. त्याच महिन्यांत पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं त्याच संघाला १४८ धांवांचा प्रसाद दिला होता.

देवधरांना मात्र १९३३ च्या अकरांत जागा मिळाली नाहीं. त्यांचें वय झालें म्हणावें, तर त्याच सामन्यांत रुस्तमजी जमशेदजी हे आपला पहिला कसोटी सामना खेळले तेव्हां त्यांचेंहि वय ४१ च होतें. आणि देवधरांनीं पुढें १९४० सालीं, ४८ व्या वर्षीं, मुंबईच्या गोलंदाजांना २४६ धांवा ठोकून दाखविल्या. निवडीचा न्याय कसा चालतो हें कोडें आजचें नाहीं. महाराष्ट्रानें समाधान मानावें तें यष्टिरक्षक जनार्दन नवले यांच्यावर. पुणें जिल्ह्यांतील फुलगांवच्या या गृहस्थानें लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या वतीनें कसोटी क्रिकेटमधला पहिला चेंडू खेळला होता.

सामना शुक्रवार ता. १५ ला सुरू झाला. मैदानाभोवतीं तात्पुरते मांडव व बैठका उभारल्या होत्या. हिंदी संघाचा पहिला डाव २१९ धांवांत आटोपला. त्यांत सर्वांत जास्त, म्हणजे ३८ धांवा काढल्या त्या लाला अमरनाथ या बावीस वर्षांच्या नवख्या पोरानें. लाहोरकडे वाढलेल्या या खेळाडूनें थोड्याच दिवसांपूर्वीं अमृतसरला याच पाहुण्यांविरुद्ध शतक काढलें होतें. उत्तरादाखल इंग्लंडनें ४३८ धांवा केल्या. व्हॅलेंटाइननें आपल्या पहिल्याच कसोटींत १३६ काढल्या, जार्डिननें ६०. महंमद निसारनें ९० धांवांत ५ गडी टिपले. ही कामगिरी मागाहून अमरनाथच्या झगझगाटांत झांकून गेली आणि निसारवर हा अन्यायच झाला आहे. एवढ्या धांवांच्या डोंगरासमोर पांच बळी मिळविणें हें शतकाहून फारसें उणें नव्हे.

हिंदुस्थान २१९ धांवांनीं मागें. दुसरा डाव सुरू झाला आणि २१ धांवांवर दोन गडी परत आले. मैदानावर मरगळ पसरावी असा तो क्षण. तेव्हां नायडू येऊन अमरनाथला मिळाला.

त्यापुढील दोन तास हेच या आठवणींचें सारसर्वस्व आहे. अमरनाथनें बचाव मुळीं मनावरच घेतला नाहीं. निकोल्स, क्लार्क यांची द्रुतगती आणि व्हेरिटीची फिरकी, सर्वांना एकच न्याय. त्याच्या पहिल्या ८३ धांवा ७८ मिनिटांत झाल्या. पलीकडे नायडू, एरवींचा षटकारांचा राजा, त्या दिवशीं एक बाजू सांभाळून उभा. थोरल्यानें धाकट्याला पुढें घालावें तसा. ज्यानें १९२६ सालीं स्वतः सगळें मैदान दणाणून सोडलें होतें, त्यानें दुसऱ्याचा दिवस ओळखून हात आवरला, याचें मोल जाणत्यांनींच करावें. ११७ मिनिटांत अमरनाथचें शतक पुरें झालें. हिंदुस्थानच्या वतीनें कसोटींत निघालेलें हें पहिलें शतक.

मग दोऱ्या कसल्या आणि बंदोबस्त कसला! लोक मैदानांत शिरले. त्याच्या गळ्यांत हार पडले, खेळ थांबला. स्त्रियांनीं अंगावरचे दागिने उतरून त्याच्याकडे टाकले, असें सांगतात. राजेरजवाड्यांनीं व शेटसावकारांनीं बक्षिसें जाहीर केलीं, असेंहि सांगतात. सांगणाऱ्याच्या तोंडीं पाटल्यांच्या गोठ झाल्या असतील आणि रुपयांच्या मोहरा. परंतु जिमखान्याच्या त्या राखीव हिरवळीवर, कोणाची परवानगी न विचारतां, हिंदी माणसांचे लोंढे जाऊन उभे राहिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या काळांत चार माणसें रस्त्यांत जमलीं तरी लाठी उगारली जाई, त्या काळांतील हें दृश्य आहे. तो मोर्चा नव्हता, घोषणा नव्हती, कोणाचा द्वेषहि नव्हता. जार्डिनच्या खेळाडूंना कोणीं धक्का लावला नाहीं. घटकाभर तें घर ज्यांचें होतें त्यांचें झालें, एवढेंच. संध्याकाळीं खेळ थांबला तेव्हां अमरनाथ १०२ वर नाबाद होता आणि धांवफलकावर दोनच गडी बाद दिसत होते.

त्या रात्रीं परतलेल्यांनीं घरीं जें सांगितलें, तेंच पुढें टिकलें. कारण सोमवार आला आणि सोमवारीं बहुतेकांना कचेऱ्या होत्या. अमरनाथ ११८ वर झेल देऊन गेला. त्याच्या खेळींत २१ चौकार होते. नायडू ६७ वर गेला. दोघांच्या भागीदारीच्या १८६ धांवा. आणि ती मोडल्यावर उरलेला संघ ५१ धांवांत पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. निकोल्सनें पांच गडी घेतले. इंग्लंडला जिंकण्यास अवघ्या ४० धांवा हव्या होत्या व त्या एक गडी गमावून झाल्या. पराभव पाहण्यास सोमवारीं पुष्कळसे लोक हजरच नव्हते. त्यांच्या लेखीं सामना रविवारीं संध्याकाळींच थांबला होता. आठवण गोड राहिली याला हेंहि एक साधें, पंचांगांतलें कारण आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत अशी. हिंदी क्रिकेटला स्वतःचें मैदान हवें ही ओढ वाढली आणि समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें. आपल्या मैदानाला नांव मात्र गोऱ्या गव्हर्नराचें द्यावें लागलें. जागा मिळविण्याची ती किंमत होती म्हणतात. मुंबईंत पुढचा कसोटी सामना झाला तो तेथेंच, १९४८ च्या डिसेंबरांत, वेस्ट इंडीजविरुद्ध. आणि तेव्हां यजमानांचा कर्णधार होता लाला अमरनाथ. मधल्या काळांत १९३६ सालीं विलायतेच्या दौऱ्यावरून त्याला अर्ध्यांतून घरीं धाडलें गेलें, तो एक निराळाच कटु विषय आहे. १९५२ पर्यंत तो एकूण २४ कसोटी सामने खेळला, पण दुसरें शतक त्याच्या हातून झालें नाहीं. त्याचा थोरला मुलगा सुरिंदर यानें १९७६ सालीं ऑकलंडला बापाप्रमाणेंच पहिल्या कसोटींत शतक काढलें. २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडे मैदानावर भारतानें विश्वचषक जिंकला, त्या रात्रीं सारें शहर रस्त्यावर आलें; मात्र तेव्हां घराघरांत दूरचित्रवाणी होती आणि कोणाला कोणाकडून ऐकण्याची गरज उरली नव्हती.

बॉम्बे जिमखान्यावर त्यानंतर एकहि कसोटी सामना झालेला नाहीं. देवनारचा माणूस आतां गोवंडीला बसतो तो गाडी न बदलतां थेट बोरीबंदराला उतरतो. तेथून आझाद मैदानाच्या कडेनें थोडें पुढें गेलें कीं जिमखान्याची जुनी इमारत आणि तिच्यापुढील तें मैदान दिसतें.