अंतिम बिंदू सांगणारी तापमापी

अनुमापनाचा तास आठवा. ब्यूरेटमधून थेंब थेंब आम्लारी पडत आहे आणि फिनॉल्फ्थॅलिन केव्हा गुलाबी होते, याकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. पण रंग एकदम न पालटता हळूहळू पालटू लागला तर? शेवटचा थेंब कोणता मानायचा?

खतांचे पृथक्करण करणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. खतातील किती स्फुरद पिकाला मिळू शकेल, हे ठरवण्यासाठी अमोनियम सायट्रेटचे उदासीन द्रावण लागे. ते उदासीन नसेल तर खताची प्रतच चुकीची ठरण्याचा धोका. मात्र सायट्रिक आम्ल आणि अमोनिया दोन्ही दुर्बल. त्यामुळे दर्शकाचा रंग नेमका पालटत नाही.

१९१३ साली अमेरिकेत बेल आणि कॉवेल यांनी रंगाऐवजी तापमानाकडे पाहिले. आम्ल शिल्लक आहे तोवर प्रत्येक भरीबरोबर उष्णता बाहेर पडते. ते संपले की तापमान वाढायचे थांबते. आलेखावर दोन रेषा जिथे मिळतात, तोच अंतिम बिंदू!

साध्या तापमापीने हे काम वेळखाऊ होते. १९५३ साली लिंडे, रॉजर्स आणि ह्यूम यांनी थर्मिस्टर वापरून आलेख आपोआप काढून घेतला. पुढे १९७३ मध्ये व्हॅनडॅलेन आणि वॉर्ड यांनी बॉक्साइटपासून ॲल्युमिना मिळवण्याच्या बायर प्रक्रियेतील द्रावणांसाठी ही पद्धत वापरली.

बोरिक आम्लाचे उदाहरण बोलके आहे. ते इतके दुर्बल की पीएच मोजून अंतिम बिंदू स्पष्ट मिळत नाही. पण उदासिनीकरणात हायड्रोक्लोरिक आम्ल मोलमागे सुमारे ५६ किलोज्यूल उष्णता देते, तर बोरिक आम्लही सुमारे ४३ देते. पीएचमधील बदल आम्लाच्या बळावर अवलंबून असतो, तापमानातील वाढ मात्र अभिक्रियेच्या उष्णतेवर. दुर्बल आम्ल म्हणजे थंड आम्ल नव्हे!

हा प्रयोग वर्गातही जमेल. थर्मोकोलच्या पेल्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलि घ्या. तेवढ्याच तापमानाचा १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५-५ मिलि घाला, ढवळा आणि दर वेळी तापमान नोंदवा. ५० मिलिपर्यंत ते सहाएक अंशांनी चढेल आणि मग उतरू लागेल. का उतरते, हे मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.